बालदम्यावरचं संशोधन: औषध हाती आल्यानंतर उरलेलं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: बालरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय. दम्याच्या मुलांसाठी काही करावंसं वाटतं, संशोधनाची ओढही आहे. पण दम्यावरची चांगली औषधं तर कधीच आली आहेत. मग प्रयोगशाळेत न बसणाऱ्या, रोज पेशंट बघणाऱ्या डॉक्टरनं शोधायचं असं उरलंय काय? आणि या कामात वीस-पंचवीस वर्षं घातली, तर हाती काय लागतं?

माझ्या मते औषध आहे म्हणूनच काम उरलंय. श्वासावाटे घ्यायचं बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड १९७२ मध्ये बाजारात आलं. कमी मात्रेतलं असं स्टिरॉइड रोज घेतलं की हल्ले कमी होतात, मुलाला भरती करायची वेळ कमी येते, याबद्दल आता कुणी वाद घालत नाही. सॅम्युअल सुईसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या औषधांच्या नोंदी तपासल्या. मागच्या वर्षभरात स्टिरॉइडचा एकेक पंप (म्हणजे एक अख्खा डबा) जास्त घेतला गेला, तसतसा दम्यानं मृत्यू येण्याचा धोका दर पंपामागे सुमारे २१ टक्क्यांनी कमी होत गेलेला दिसला.

याच्या शेजारी ब्रिटनमधला २०१४ चा दम्यामुळे झालेल्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा ठेवून बघा. त्यात १९५ मृत्यू तपासले, त्यांत २८ जण वीस वर्षांखालचे होते. ज्यांच्या तात्पुरत्या आरामाच्या पंपांचा हिशेब मिळाला, त्यांतल्या ३९ टक्के लोकांना शेवटच्या वर्षात असे बारापेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. म्हणजे दर महिन्याला कुणीतरी चिठ्ठी लिहीत होतं, कुणीतरी पंप देत होतं, आणि दमा हाताबाहेर चाललाय ही खूण त्या कागदावर स्पष्ट उमटत होती. ४५ टक्के जणांच्या बाबतीत शेवटच्या हल्ल्यात मदत मागितलीच गेली नाही, किंवा ती पोचायच्या आत मृत्यू झाला. हे सगळं श्रीमंत देशात, जिथे डॉक्टरांना दाखवायला खिशात हात घालावा लागत नाही तिथे. औषधाचा शोध लागून तोवर चाळीस वर्षं उलटली होती.

तर प्रश्न औषध मुलाच्या फुप्फुसापर्यंत रोज पोचतं का, हा आहे. निदान होतं का, झालं तर नियमित औषध लिहिलं जातं का, लिहिलं तर घरी ते पटतं का, पटलं तर पंप नीट ओढला जातो का, आणि नीट ओढला तरी संध्याकाळी तो कोण देतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी औषध गळतं, आणि ती गळती मोजणं, थांबवण्याची युक्ती शोधणं, युक्ती खरंच चालते का हे पारखणं, हे शास्त्रच आहे. रेणूंवर काम करणाऱ्यांना ते कधी कधी दुय्यम वाटतं. मला ते जास्त अवघड वाटतं, कारण इथे प्रयोगातला पदार्थ घरी जातो, शाळेत जातो, रुसतो आणि मोठा होतो. (जाता जाता: आज आपण वापरतो त्या दाबाच्या पंपाची सुरुवातच एका मुलीच्या प्रश्नातून झाली. रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची दमा असलेली किशोरवयीन मुलगी म्हणाली, केसांचा स्प्रे डब्यात मिळतो तसं माझं औषध का मिळत नाही? १९५६ मध्ये पहिला पंप विक्रीला आला.)

या क्षेत्रात यायचं तर आधी धीर किती लागतो ते बघून घ्या. अमेरिकेत टूसॉनला १९८० मध्ये नवजात बाळांची नोंदणी सुरू झाली, एकूण १२४६ बाळं. त्यांचा माग काढत फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी जो निबंध लिहिला तो आला १९९५ मध्ये. तोपर्यंत दवाखान्यात घरघर घेऊन येणाऱ्या प्रत्येक तान्ह्या मुलाकडे एकाच नजरेनं बघितलं जायचं. या अभ्यासानं दाखवलं की सहा वर्षांचं होईपर्यंत जवळपास निम्म्या मुलांना केव्हा ना केव्हा घरघर होते, पण त्यात निरनिराळे गट असतात. सुमारे २० टक्के मुलांना फक्त पहिल्या तीन वर्षांत घरघर झाली आणि मग ती थांबली. या मुलांच्या श्वासनलिका जन्मापासूनच, म्हणजे पहिला संसर्ग होण्याआधीच, थोड्या अरुंद असल्यासारखं त्यांच्या फुप्फुसांच्या चाचण्या सांगत होत्या, आणि त्यांच्या आयांमध्ये धूम्रपान जास्त होतं. जवळपास १४ टक्के मुलांची घरघर मात्र सहाव्या वर्षीही चालूच राहिली. त्यांच्यात आईला दमा असणं, रक्तात आयजीई हे ॲलर्जीशी जोडलेलं प्रथिन वाढलेलं असणं हे जास्त दिसलं.

हे आज पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येतं. पण पहिल्या बाळाच्या फुप्फुसाची चाचणी ज्यांनी घेतली, त्यांना निष्कर्ष कळायला पंधरा वर्षं लागली. दरम्यान घरं बदलली, काही कुटुंबं दुरावली, तरी माणसं फोन करत राहिली. असा अभ्यास सुरू करणं तुमच्या हातात नसेल, पण चालू असलेल्या अभ्यासात शिरणं बहुधा शक्य असतं. पहिली पाच वर्षं दुसऱ्याच्या अभ्यासात राबण्यात कमीपणा मानू नका.

टूसॉनमधून पुढचा प्रश्न आपोआप निघाला: ज्या मुलांची घरघर टिकणार असं वाटतं, त्यांना लहानपणीच स्टिरॉइडचा पंप सुरू केला तर दमा मुळातच अडेल का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन-तीन वर्षांची २८५ मुलं घेतली, निम्म्यांना दोन वर्षं फ्लुटिकासोन दिलं, मग औषध थांबवून आणखी एक वर्ष बघितलं. औषध चालू होतं तोवर त्रास कमी होता. थांबवल्यावरच्या वर्षात दोन्ही गट सारखेच. औषध आजार आवरतं, त्याचा मार्ग बदलत नाही. अनेकांना याचं वाईट वाटलं, पण माझ्या लेखी हा फार उपयोगी निकाल आहे. ‘आता दिलं नाही तर पुढे कायमचा दमा होईल’ अशी भीती घालून कुठल्याही पालकाला औषध द्यायला लावता येणार नाही, हे त्यानं ठरवून टाकलं.

नकारार्थी निकालांबद्दल आणखी एक. सर्दी झाली की घरघर होणाऱ्या लहान मुलांना तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देण्याची सवय जगभर होती. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत भरती झालेल्या ६८७ मुलांमध्ये त्याचा फायदा दिसला नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या चाचणीत, जराशा मोठ्या मुलांमध्ये, रुग्णालयातला मुक्काम कमी झालेला दिसला. विद्यार्थी विचारतात, मग खरं कुठलं? दोन्ही. वय वेगळं, मुलं वेगळी. ‘औषध चालतं का’ हा अर्धा प्रश्न झाला. कुठल्या मुलाला, कधी, हा उरलेला अर्धा, आणि तो सोडवायला मुलं तपासणारा डॉक्टरच लागतो.

आता पालकांच्या मनातला प्रश्न: ‘स्टिरॉइडनं उंची खुंटेल का?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं तोवर डॉक्टर दोन टोकांना होते. काही म्हणायचे, काही होत नाही. काही स्वतःच घाबरून औषध लिहायचे नाहीत. अमेरिका आणि कॅनडातल्या आठ केंद्रांनी मिळून ५ ते १२ वर्षांची १०४१ मुलं घेतली आणि चार ते सहा वर्षं त्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड, नेडोक्रोमिल हे स्टिरॉइड नसलेलं औषध किंवा नुसता बिनऔषधाचा पंप दिला. २००० मध्ये निकाल आला: ब्युडेसोनाइडच्या मुलांमध्ये भरती होण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी, आणि उंचीत सरासरी १.१ सेंटिमीटरची तूट, तीही मुख्यतः पहिल्या वर्षात पडलेली. मग त्यातली बहुतेक मुलं मोठी होईपर्यंत त्यांची उंची मोजत राहिले. २०१२ मध्ये कळलं की प्रौढपणीही तूट साधारण तेवढीच, १.२ सेंटिमीटर, राहिली. ती वाढत गेली नाही, भरूनही निघाली नाही.

हा आकडा माझ्या तपासणीच्या खोलीत रोज कामाला येतो. ‘काही होत नाही’ असं म्हटलं की पालकांना खोटं वाटतं, आणि ते बरोबरच असतं. बोटाच्या पेरावर सेंटिमीटर दाखवून ‘जास्तीत जास्त एवढा फरक पडू शकतो, आणि त्याच्या बदल्यात हे मिळतं’ असं सांगितलं, तर माणसं विचार करतात, घरी जाऊन एकमेकांशी बोलतात. मात्रा शक्य तेवढी कमी ठेवायचं कारणही त्यांना त्यातूनच कळतं. त्या चाचणीत फुप्फुसाची क्षमता मात्र औषधानं फारशी वाढली नव्हती, हेही मी लपवत नाही.

आता ज्या भागात मी सगळ्यात जास्त वर्षं घालवली, त्याकडे येतो: औषध घेतलं जातं का?

एक तपासणी सांगतो, अशी दर आठवड्याला होते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, खोकल्यानं रात्री उठतोय. आई म्हणते, “डॉक्टर, पंप एक दिवस चुकवलेला नाही.” पंपावर १२० मात्रांचा आकडा असतो, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे महिन्याभरात तो शून्यावर यायला हवा. पंप उलटा करून मागच्या छोट्या खिडकीत बघावं, तर ५४. इथे नवशिका डॉक्टर आकडा आईला दाखवतो. तसं करू नये. पुढच्या वेळी पंप घरीच राहतो. मी विचारतो, “सकाळी कोण देतं? आणि संध्याकाळी?” सकाळी आई देते. संध्याकाळी ती कामावर असते, मुलाला सांगून ठेवलेलं असतं. मुलगा खेळून येतो, खोकला नसतो, मग कशाला घ्यायचा? वडिलांना तर मुळात पंपाची सवय लागेल असं वाटतं, तेही आठवण करत नाहीत. आई खोटं बोललेली नसते. तिच्या हातची एकही मात्रा चुकलेली नसते.

हीच गोष्ट १९९६ मध्ये हेन्री मिल्ग्रोम आणि सहकाऱ्यांनी पंपात गुपचूप मोजणी करणारं यंत्र बसवून आकड्यांत मांडली. ८ ते १२ वर्षांची मुलं, रोजची डायरी. डायरीप्रमाणे औषधाचं मध्यम प्रमाण ९५ टक्के, यंत्राप्रमाणे ५८. ज्यांना हल्ला येऊन तोंडी स्टिरॉइड द्यावं लागलं, त्यांचं तर १४ टक्क्यांच्या आत. अभ्यासात मुलं अवघी २४ होती, तरी त्यानं पुढच्या सगळ्या संशोधनाची पायाभरणी केली, कारण त्यानंतर ‘पालकांनी सांगितलं’ हा पुरावा म्हणून खपेनासा झाला. दम्याच्या नव्या औषधाचा कुठलाही अभ्यास वाचताना मी आधी बघतो: आधीचं औषध पोचत होतं का, हे यांनी कसं मोजलं? पुष्कळदा मोजलेलंच नसतं.

मोजल्यावर सुधारता येतं का? न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये एमी चॅन आणि सहकाऱ्यांनी हल्ला येऊन तातडीच्या विभागात आलेल्या, ६ ते १५ वर्षांच्या २२० मुलांच्या पंपांवर यंत्रं बसवली. निम्म्यांच्या यंत्राला वेळ झाली की आवाज आणि उजेड होता, निम्म्यांचं नुसतं मोजत होतं. २०१५ चा निकाल: मधलं प्रमाण आठवणीच्या गटात ८४ टक्के, दुसऱ्यात ३०. इतका ठळक फरक आमच्या क्षेत्रात क्वचित दिसतो. पण ज्या घरात औषध नको हे ठरूनच गेलंय, तिथे घंटी वाजून उपयोग नाही. विसरणं वेगळं आणि न पटणं वेगळं. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात अँड्र्यू बुश यांच्या गटानं ‘काही केल्या आटोक्यात न येणारा दमा’ म्हणून पाठवलेल्या मुलांच्या घरी परिचारिका पाठवल्या. घरचा धूर, पाळीव प्राणी, मुदत संपलेले पंप, मनावरचा ताण अशा बदलता येण्याजोग्या गोष्टी बहुतेक ठिकाणी सापडल्या, आणि निम्म्याहून जास्त मुलांना पुढच्या मोठ्या तपासण्यांची गरजच पडली नाही. महागडी इंजेक्शनं लिहिण्याआधी एक परिचारिका घरी जाऊन येते, याला मी गेल्या काही दशकांतल्या उत्तम शोधांपैकी एक समजतो.

पंप ओढण्याबद्दलही तेच. लहान मुलाला स्पेसरशिवाय, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळीशिवाय, पंप देणं म्हणजे औषध जिभेवर आणि घशात मारणं. सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांनी वर्षानुवर्षं दाखवलंय की साधारण हल्ल्यात स्पेसर नेब्युलायझरपेक्षा (औषधाची वाफ करणाऱ्या यंत्रापेक्षा) कमी पडत नाही; उलट तातडीच्या विभागात मुलं लवकर मोकळी होतात, नाडीही कमी वाढते. तरी यंत्राची वाफ जास्त ‘उपचारासारखी’ दिसते, म्हणून ती मागे हटायला तयार नाही. हे ज्ञानाचं नाही, विश्वासाचं भांडण आहे.

केपटाऊनच्या हेदर झार यांचा १९९९ मधला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास प्रत्येक नवोदितानं वाचावा. विकतचा स्पेसर परवडत नाही, ही अडचण. त्यांनी अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली घेतली, बुडाशी पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडलं आणि सांधा चिकटवून बंद केला. मग तीव्र हल्ला आलेल्या, ५ ते १३ वर्षांच्या ८८ मुलांमध्ये विकतचा स्पेसर, सांधा बंद केलेली बाटली, न बंद केलेली बाटली आणि पॉलिस्टायरिनचा पेला असे चार प्रकार चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले. सांधा बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली. पेला सगळ्यात मागे पडला. बाटली वापरून बघणारे डॉक्टर आधीही होते. पण बरोबरीची तुलना करून, कुठली घरगुती युक्ती चालते आणि कुठली नाही हे वेगळं करून दाखवणं, हे संशोधन झालं. आणि सांध्यातली फट हा तपशील केवढा महत्त्वाचा निघाला बघा.

असे बारीक तपशील या कामात फार असतात. नवा प्लॅस्टिकचा स्पेसर कोरडा पुसला की त्यावर स्थिर वीज येते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. भांडी धुण्याच्या सौम्य साबणाच्या पाण्यातून काढून, न पुसता, तसाच वाळवला तर जास्त औषध पोचतं. रडणाऱ्या बाळाच्या तोंडावर मास्क दाबून धरला तर फुप्फुसात जवळजवळ काहीच जात नाही, कारण रडताना लांब श्वास बाहेर आणि छोटा हिसका आत असं चालतं. मास्कच्या कडेला बोट जाईल एवढी फट राहिली तरी तोच प्रकार. एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा शांत श्वास. हे सगळं कुणीतरी मोजलंय म्हणून आपल्याला माहीत आहे.

‘अशा कामात आयुष्य कसं जातं’ हे ज्यांना विचारायचंय, त्यांच्यापुढे मी अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या बालरोगतज्ज्ञ जिल हॉल्टरमन यांच्या कामाचा क्रम ठेवतो. २००० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतून दाखवलं की मध्यम ते तीव्र दम्याच्या मुलांपैकी जेमतेम २६ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात नियमित औषध घेतलेलं होतं. नुसती मोजणी, दुसऱ्यांनी गोळा केलेल्या माहितीवर. पुढचा प्रश्न: मग ते द्यायचं कुणी? मूल रोज जिथे जातं ती जागा शाळा. शाळेच्या परिचारिकेनं दिवसातून एकदा समोर उभं करून औषध द्यायचं, सुट्टीच्या दिवशी घरी. २००४ मध्ये ३ ते ७ वर्षांच्या १८० मुलांवर पहिली चाचणी. फायदा दिसला, पण मुख्यतः ज्यांच्या घरी सिगारेटचा धूर नव्हता त्यांना. म्हणून पुढच्या आवृत्तीत, धूम्रपान करणारं माणूस घरात असेल तर त्याच्याशी बोलण्याचा भाग आला. २०११ मध्ये ५३० मुलांचा निकाल: दर पंधरवड्याला त्रासाविना जाणारे दिवस जवळपास एकानं वाढले.

पंधरवड्यात एक दिवस म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ही सगळ्या मुलांची सरासरी आहे. ज्यांना मुळात त्रास कमी होता तीही त्यात आली. आणि नवं औषध एकही नव्हतं.

तरी अडचण उरलीच. मुलाला तपासायचं कुणी, मात्रा बदलायची कुणी, डॉक्टरांकडून चिठ्ठी मिळवायची कुणी? संशोधनाची माणसं हे करत होती, आणि ती गेली की सगळं थांबणार. म्हणून तिसऱ्या टप्प्यात शाळेतूनच दूरचित्र-तपासणी (व्हिडिओवरून तपासणी) जोडली, म्हणजे मुलाच्या नेहमीच्या दवाखान्यातले डॉक्टर त्याला शाळेतच बघतील. २०१८ मध्ये ४०० मुलांचा निकाल आला: वर्षभरात दम्यासाठी तातडीच्या विभागात किंवा भरती व्हावं लागलेली मुलं ७ टक्के, नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के. अठरा वर्षं, एकच प्रश्न, प्रत्येक वेळी आधीच्या उत्तरातलं भोक बुजवत. दर दोन वर्षांनी विषय बदलणाऱ्यांचे निबंध जास्त होतात, यात शंका नाही.

असे अभ्यास आखताना ज्या गोष्टी गोत्यात आणतात, त्यांतल्या दोन सांगतो. पहिली ऋतू. १९९५ मध्ये सेबॅस्टियन जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी ९ ते ११ वर्षांच्या मुलांमध्ये दाखवलं की दम्याच्या ८० ते ८५ टक्के हल्ल्यांत श्वसनाचा विषाणू सापडतो, बहुतेकदा सर्दीचाच. उत्तर गोलार्धात सुट्ट्या संपून शाळा भरल्या की सप्टेंबरमध्ये भरतीचा कळस येतो, दरवर्षी, ठरलेला. त्या लाटेत मुलं नोंदवली आणि शांत महिन्यांत मोजली, तर नुसतं माहितीपत्रक वाटूनही चमत्कार दिसेल. दुसरी, मूल आपल्याकडे येतं ते त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत. काहीही न करता पुढच्या भेटीत ते जरा बरं असणारच. म्हणून तुलनेचा गट नसलेल्या ‘आमच्या कार्यक्रमानं भरती निम्म्यानं घटली’ अशा निबंधांवर मी विश्वास ठेवत नाही, मग तो किती का चांगल्या माणसांनी लिहिलेला असेना. संख्याशास्त्रज्ञाला मुलं मोजून झाल्यावर बोलावू नका. पहिल्या बैठकीला बोलवा आणि त्याचं ऐका.

काही वेळा उपचाराचा दवाखान्याशी संबंधच नसतो. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. त्याआधी मुलांची दम्यासाठीची भरती वर्षाला सरासरी ५.२ टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती वर्षाला १८.२ टक्क्यांनी घटू लागली. माणसं आता घरात जास्त ओढतील आणि मुलांचं नुकसान होईल, ही भीती खोटी ठरली. लंडनमधल्या, दमा असलेल्या नऊ वर्षांच्या एला किस्सी-डेब्रा हिच्या २०१३ मधल्या मृत्यूला हवेचं प्रदूषण कारणीभूत ठरल्याचं मृत्यू-चौकशीत २०२० मध्ये नोंदवलं गेलं. असा निर्णय देता येतो, तो कुणीतरी आधी हवा आणि मुलांची फुप्फुसं शेजारी ठेवून मोजलेली असतात म्हणून.

मोठ्या पैशाशिवायही मोठं काम होतं, याचं उदाहरण म्हणजे न्यूझीलंडच्या बालरोगतज्ज्ञ इनेस ॲशर यांच्या पुढाकारानं चाललेला ‘आयझॅक’ हा जागतिक अभ्यास. साधी प्रश्नावली, आणि जोडीला मुलांना दाखवायची एक चित्रफीत: यातल्या मुलासारखा श्वास तुझा कधी झालाय का, एवढंच. १९९८ मध्ये ५६ देशांतल्या ४,६३,८०१ किशोरांची माहिती प्रसिद्ध झाली, आणि दम्याचं प्रमाण ठिकाणाठिकाणी कितीतरी पटींनी बदलतं हे पहिल्यांदा एकाच मापानं दिसलं.

लहान मुलांच्या बाबतीत पुरावा नेहमी मोठ्यांच्या मागून येतो, आणि हीच तुमच्यासाठी जागा आहे. नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या पंपावर मोठ्यांना आणि किशोरांना ठेवू नये, असं ‘जिना’ या दम्यावरच्या जागतिक उपक्रमाच्या मार्गदर्शनानं २०१९ मध्ये सांगितलं, कारण पुरावा होता तो बारा वर्षांपुढच्यांचाच. त्याहून लहानांसाठी अंदाजानं पुढे जावं लागत होतं. २०२५ मध्ये न्यूझीलंडमधून ५ ते १५ वर्षांच्या, सौम्य दम्याच्या मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली: त्रास झाला की सालब्युटामॉलऐवजी (नेहमीच्या तात्पुरत्या आरामाच्या औषधाऐवजी) ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, म्हणजे स्टिरॉइड आणि श्वासनलिका मोकळी करणारं औषध एकत्र, घेणाऱ्यांमध्ये हल्ले ४५ टक्क्यांनी कमी. पंप एकच, म्हणून ‘रोजचा कुठला आणि धाप लागल्यावरचा कुठला’ हा गोंधळही जातो. ते शाळेत, घरी, वेगवेगळ्या हातांत कसं उतरतं, हे अजून बघायचंय.

व्यवहाराचं थोडं. पगार दवाखान्यातल्या कामाचाच राहतो. संशोधनाचे पैसे मिळतात आणि संपतात, आणि ते संपले की चांगला चाललेला कार्यक्रमही बहुधा बंद पडतो. त्यामुळे तो पुढे चालवणार कोण, हे अर्जातच लिहा. आठवड्यातला एक दिवस कागदोपत्री राखून घेता आला तर घ्या. तोंडी दिलेला दिवस टिकत नाही. परिचारिका आणि शाळेतली माणसं यांना ‘माहिती गोळा करणारे’ म्हणून वागवलंत, तर दुसऱ्या वर्षी अभ्यास कोसळतो. आखणीच्या बैठकीत त्यांना बसवा, निबंधावर नाव घाला. मुलाची संमती घ्यायची ती आई-बापांच्या सहीनंतरचा उपचार म्हणून नव्हे. सात-आठ वर्षांचं मूल ‘मला ते यंत्र पंपावर नको’ म्हणू शकतं, आणि मग ते बसवायचं नाही.

आणि आज मला नव्यानं सुरुवात करायची असती, तर मी पाच वर्षांखालची घरघर निवडली असती. २०१६ मध्ये एका ते पाच वर्षांच्या आतल्या ३०० मुलांवर झालेल्या एका चाचणीत प्रत्येक मुलाला आळीपाळीनं तीन उपचार देऊन बघितले: रोजचं स्टिरॉइड, त्रासापुरतं स्टिरॉइड, आणि मॉन्टेल्युकास्टच्या जातीचं औषध. ज्या मुलांच्या रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी मायक्रोलिटरमागे ३०० किंवा त्याहून जास्त होत्या आणि हवेतल्या ॲलर्जनची संवेदनशीलता होती, त्यांना रोजचं स्टिरॉइड स्पष्टपणे जास्त लागू पडलं. बाकीच्यांमध्ये चित्र इतकं साफ नव्हतं. रक्ताची ही चाचणी साधी, जवळपास सगळीकडे होणारी आहे. तरीही दोन वर्षांच्या मुलाला पंप लिहिताना आपण अजून घरघर किती वेळा झाली एवढंच विचारतो. तिथून सुरू करा: तुमच्या विभागात घरघरीसाठी आलेल्या या वयाच्या मुलांच्या जुन्या नोंदी काढा, इओसिनोफिलचा आकडा कितींच्या कागदांवर आधीच लिहून ठेवलाय ते बघा, आणि त्यांचं पुढे काय झालं ते शोधा. त्याला परवानगी लागेल ती नीतिसमितीची, आणि एक नीट बांधलेला तक्ता. पैसे जवळजवळ लागणार नाहीत.